उडणारा फ्यूज आणि भरवशाचा प्रश्न

क्रिप्टोकरन्सी हलाल की हराम, हा प्रश्न अलीकडे मुस्लिम तरुणांकडून वारंवार विचारला जातो. मोबाइलवर चार-पाच हजारांचे बिटकॉइन घेऊन ठेवलेला एखादा मुलगा जुम्याच्या नमाजनंतर मौलानांना गाठतो आणि 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मागतो. उलेमांनी उत्तरे दिली आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हा सगळा व्यवहार ज्या कोडवर उभा आहे, त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा?

यात शंका घेणाऱ्यांत खुद्द प्रोग्रामर मंडळी आहेत, हे अनेकांना माहीत नसते. १ जून २०२२ रोजी २६ संगणकतज्ज्ञांनी आणि अभ्यासकांनी अमेरिकी काँग्रेसच्या नेत्यांना एक जाहीर पत्र लिहिले. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले मोठे नाव ग्रेडी बूच यांच्या त्यावर सह्या होत्या. क्रिप्टो उद्योगाच्या दाव्यांकडे संशयाने पाहा, हे तंत्र सामान्य माणसाच्या पैशासाठी योग्य नाही, असा त्या पत्राचा आशय होता. कोड लिहून पोट भरणारी माणसे कोडवर चालणाऱ्या पैशाला का बिचकतात? याचे उत्तर बिटकॉइनच्या जन्माआधीच्या इतिहासात सापडते. त्यासाठी आधी एका इस्पितळात जावे लागेल.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर नावाचे शहर आहे. तिथल्या कर्करोग केंद्रात थेरॅक-२५ नावाचे किरणोपचाराचे यंत्र होते. कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीने ते बनवले होते आणि पीडीपी-११ या त्या काळच्या प्रसिद्ध संगणकावर ते चालत असे. २१ मार्च १९८६ रोजी एक रुग्ण नेहमीच्या उपचारासाठी आला. बाहेरच्या खोलीत बसलेल्या ऑपरेटर बाईंनी तपशील भरताना इलेक्ट्रॉनच्या 'ई'ऐवजी क्ष-किरणांचे 'एक्स' हे अक्षर दाबले. चूक लगेच लक्षात आली. त्यांनी भराभर वर जाऊन अक्षर बदलले आणि उपचार सुरू केला. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढाच संदेश आला. असले अर्थ न लागणारे संदेश रोजचेच होते. त्यांनी पुढे जाण्याचे बटण दाबले. आतल्या माणसाला विजेचा जबर झटका बसल्यासारखे झाले. तो उठायच्या बेतात असतानाच दुसरा झोत आला. त्या दिवशी आतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकण्याची सोय बिघडलेली होती.

त्याला द्यायची मात्रा १८० रॅड होती. प्रत्यक्षात मिळाली ती १६,५०० ते २५,००० रॅडच्या घरात, असा अंदाज नंतर काढला गेला. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीचे अभियंते आले, यंत्र तपासले, काही सापडले नाही. जादा मात्रा जाणे शक्यच नाही, असे त्यांनी सांगितले. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला तेच पुन्हा घडले. 'मालफंक्शन ५४' पुन्हा दिसले आणि दुसरा रुग्ण महिनाभरात गेला. तेव्हा इस्पितळाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्याच ऑपरेटर बाईंना घेऊन यंत्रासमोर बसले. आपण त्या वेळी काय काय केले, हे त्या आठवून आठवून पुन्हा करत राहिल्या. अखेर चूक पकडली गेली. 'एक्स'चे 'ई' साधारण आठ सेकंदांच्या आत केले, तर पडद्यावर बदल दिसे. पण यंत्राच्या आत अर्धा भाग जुन्या आज्ञेवर आणि अर्धा नव्या आज्ञेवर चाले. क्ष-किरणांसाठी लागणारा प्रचंड झोत सुटे आणि त्याच्या वाटेत असायला हवा तो धातूचा अडथळा जागेवर नसे. तपासणारे अभियंते हळूहळू टंकत होते, म्हणून त्यांना ही चूक दिसली नाही. रोजच्या सरावाने बाईंची बोटे वेगाने चालत होती, म्हणून ती त्यांच्या हातून घडली.

१९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ चे असे सहा अपघात नोंदले गेले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो आजही शिकवला जातो.

त्या अहवालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या यंत्राआधी थेरॅक-२० नावाचे जुने यंत्र होते. टायलरची बातमी फुटल्यावर शिकागो विद्यापीठातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने आपले थेरॅक-२० तपासले. त्यांच्याकडे दर सत्राच्या सुरुवातीला नवे विद्यार्थी यंत्र हाताळू लागले की फ्यूज उडत. विद्यार्थी काहीबाही दाबणार, फ्यूज उडणार, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. तपासाअंती कळले, की तीच चूक या जुन्या यंत्रातही होती. मग तिथे कोणी का मेले नाही? कारण थेरॅक-२० मध्ये सॉफ्टवेअरवर पहारा ठेवणारी स्वतंत्र विद्युत व्यवस्था होती. कोड चुकला की फ्यूज उडे आणि झोत बंद पडे. थेरॅक-२५ बनवताना हा पहारा काढून टाकला गेला. सॉफ्टवेअर आहे ना, मग या जुनाट अडथळ्यांची गरज काय, असा विचार त्यामागे होता. कंपनीने १९८३ साली धोक्यांचा अभ्यास केला, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये उरलेल्या चुका हिशेबातच धरल्या नाहीत. लोखंड झिजते, तार तुटते. कोड झिजत नाही, हा त्यामागचा तर्क होता. तर्क खरा होता. पण जे पहिल्या दिवसापासून चुकलेले आहे, त्याला झिजायची गरज नसते.

आणखी एक अपघात पाहू, कारण त्याचा धागा थेट बिटकॉइनपर्यंत जातो. जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे त्याच यंत्राने आणखी एका रुग्णाला भाजले. या वेळी चूक निराळी होती. यंत्र जागेवर आहे की नाही, हे तपासायचे का, याची खूण एका छोट्या मोजणीत ठेवली होती. मोजणी शून्य नसेल तर तपास करायचा, शून्य असेल तर गरज नाही. या मोजणीला जागा होती फक्त एका बाइटची, म्हणजे ० ते २५५. तपासाची प्रत्येक फेरी झाली की ती एकाने वाढे. २५५ नंतर पुढचा आकडा मावत नाही, म्हणून ती पुन्हा शून्य होई. स्कूटरचा जुना मीटर सगळे नऊ भरल्यावर पुन्हा शून्यावर येतो, तसेच हे. म्हणजे दर २५६ व्या वेळी तपास आपोआप वगळला जाई. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबले.

आता २३ वर्षे पुढे येऊ. २००८ च्या ऑक्टोबरअखेर सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये त्याचे जाळे सुरू झाले. बँक नको, मध्यस्थ नको, कोणावर भरवसा ठेवायला नको. गणित आणि कोड पुरेसे आहेत, ही त्यामागची कल्पना. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, हे तर त्याचे ब्रीद. पण १५ ऑगस्ट २०१० रोजी एका व्यवहारात तब्बल १८४ अब्ज बिटकॉइन जन्माला आले. कारण? बेरीज दिलेल्या जागेत मावली नाही, आकडा उलटला आणि तपासणीला तो व्यवहार ठीक वाटला. याकिमाच्या मीटरची आणि या मीटरची जात एकच. ते निस्तरले कोणी? गणिताने नव्हे. माणसांच्या लक्षात आले, काही तासांत कोडची दुरुस्त आवृत्ती निघाली, लोकांनी ती चालवली आणि तो व्यवहार इतिहासजमा झाला. तेव्हा बिटकॉइन हे मूठभर हौशी लोकांचे खेळणे होते, म्हणून ते निभावले.

२०१६ साली मामला खेळण्याचा राहिला नव्हता. इथेरियम या दुसऱ्या जाळ्यावर 'द डाओ' नावाचा सामायिक निधी उभा राहिला. संचालक नाहीत, कार्यालय नाही, सगळे नियम कोडमध्ये. काही आठवड्यांत त्यात सुमारे १५ कोटी डॉलर जमले. माणसांनी दिलेले स्पष्टीकरण आणि कोड यांत फरक पडला तर कोडच प्रमाण, असे अटींतच लिहिले होते. १७ जून २०१६ रोजी कोणीतरी त्यातून ३६ लाख इथर काढून घेतले. युक्ती किराणा दुकानदारालाही समजेल अशी होती. हा निधी आधी पैसे देई आणि मग वहीत 'दिले' असे लिही. घेणाऱ्याने नोंद होण्याआधीच पुन्हा हात पुढे केला, पुन्हा पैसे मिळाले, पुन्हा हात पुढे केला. वहीत मात्र शिल्लक तीच.

एकाच गोष्टीने वेळ दिला. निधीच्या नियमांनुसार काढलेली रक्कम काही आठवडे हलवता येत नव्हती. एवढाच एक फ्यूज शिल्लक होता. तेवढ्या मुदतीत वाद झाला आणि २० जुलैला बहुसंख्यांनी खातेवहीच बदलून ते पैसे परत फिरवले. ज्यांना हे पटले नाही ते जुन्या वहीवरच राहिले. त्यांचे नाणे आज इथेरियम क्लासिक म्हणून ओळखले जाते. कधीही न बदलणारी वही शेवटी माणसांनी एकत्र बसून बदलली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पॅरिटी नावाच्या पाकिटप्रणालीतला सामायिक कोड एका वापरकर्त्याने नष्ट केला आणि पाच लाखांहून अधिक इथर कायमचे अडकले. या वेळी वही बदलली नाही. ज्यांचे अडकले, त्यांचे अडकलेच.

आता आपल्या परंपरेकडे वळू. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत, आणि ती आहे उधारीच्या व्यवहाराबद्दल. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, दोन साक्षीदार असावेत, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास होऊ नये, असे तिचे सांगणे आहे. ज्याला स्वतः सांगता येत नाही, त्याच्या वतीने त्याच्या वलीने सांगावे, हेही त्यात आहे. म्हणजे वहीवर भर आहेच. पण एकट्या वहीवर नाही. तिच्याभोवती माणसे उभी केली आहेत आणि दुबळ्यासाठी दार ठेवले आहे. क्रिप्टोमध्ये आपल्या पाकिटाची किल्ली हरवलेल्याला वली नसतो.

हदीसच्या अभ्यासकांनी तर शंका घेण्याचेच शास्त्र केले. सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, दोघे खरेच भेटले होते का, असा इस्नादचा एकेक दुवा ते तपासत. इमाम बुखारी आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांनी सांगणाऱ्याची फक्त सचोटी पाहिली नाही, स्मरणशक्तीही पाहिली. माणूस परहेजगार आहे, पण आठवणीला कच्चा आहे, तर त्याची रिवायत कमजोर. त्यात त्याचा अपमान नव्हता. थेरॅकचा कोड लिहिणारा माणूस लबाड नव्हता. द डाओचे कर्तेही चोर नव्हते. चूक नियतीची नव्हती, तपासणीची होती. प्रोग्रामरांची शंका या जातीची आहे. तिला नास्तिकपणा किंवा मागासपणा म्हणणे चुकीचे.

इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टो हराम ठरवले, तेव्हा त्यातली अनिश्चितता म्हणजे गरर आणि होणारे नुकसान ही कारणे दिली. मालमत्ता म्हणून मात्र शरियतच्या अटी पाळून आणि स्पष्ट फायदा असेल तर मुभा ठेवली. इतरत्र मते वेगळी आहेत आणि निवाडा देणे हे माझे काम नाही. पण गररचा विचार आपण बहुधा भाव चढण्या-उतरण्यापुरता करतो. कोड आतून कसा आहे, हे घेणाऱ्यालाच काय, कित्येकदा लिहिणाऱ्यालाही पुरते माहीत नसते. हाही गररच नव्हे का?

आपल्याकडची गोष्ट तर याहून साधी आहे. २०१८ साली पुण्यात गेनबिटकॉइन प्रकरणी गुन्हे दाखल झाले. दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष दाखवल्याचा आरोप होता. तिथे कोड फोडावाही लागला नाही. भरवसा नको म्हणणाऱ्या तंत्राच्या नावावर लोकांच्या भरवशाचाच धंदा झाला.

म्हणून मौलानांना गाठणाऱ्या त्या मुलाला माझे एवढेच सांगणे आहे. हलाल-हराम जरूर विचार. पण पैसे टाकण्याआधी हेही विचार: यात चूक झाली तर थांबवणारा कोण? नोंद चुकली तर साक्षीदार कोण? किल्ली हरवली तर दाद कोणाकडे? उत्तर 'कोड' एवढेच मिळाले, तर शिकागोचे ते जुने यंत्र आठव. त्याचा फ्यूज सारखा उडायचा, सगळे वैतागायचे आणि रुग्ण मात्र चालत घरी जायचे.