मोटारीच्या रंगावरील टवक्यांची दुरुस्ती

मोटारीच्या रंगावरील टवका म्हणजे आघातामुळे रंगाचा लहान तुकडा निघून जाऊन त्या जागी पडलेली खळगी होय. रस्त्यावरून उडणारी खडी, वाळू आणि उघडताना भिंतीवर आपटलेला दरवाजा ही टवके पडण्याची नेहमीची कारणे आहेत. संपूर्ण भाग पुन्हा न रंगवता केवळ टवक्यापुरता रंग भरण्याच्या पद्धतीस टच-अप असे म्हणतात. ही दुरुस्ती साध्या साधनांनी घरीही करता येते. टवका दिसेनासा करणे हा तिचा दुय्यम हेतू असून उघड्या पडलेल्या पत्र्याचे गंजण्यापासून रक्षण करणे हा मुख्य हेतू असतो.

## रंगाच्या थरांची रचना

आधुनिक मोटारीचा रंग एकच थर नसून अनेक पातळ थरांचा समूह असतो. पोलादी पत्र्यावर बहुधा जस्ताचा मुलामा व त्यावर फॉस्फेटचा सूक्ष्म थर दिलेला असतो. त्यानंतर पुढील थर येतात:

* विद्युत् निक्षेपित अस्तर : सुमारे २० मायक्रॉन जाडीचा हा थर गंजरोधक असतो. संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने तो चढवला जातो, त्यामुळे तो पोकळ भागांतही पोहोचतो.
* प्रायमर : सुमारे ३० ते ४० मायक्रॉन. हा थर पृष्ठभाग सपाट करतो आणि आघात काही प्रमाणात शोषून घेतो.
* रंगथर (बेस कोट) : सुमारे १२ ते २० मायक्रॉन. मोटारीची रंगछटा याच थरात असते.
* पारदर्शक थर (क्लिअर कोट) : सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन. चकाकी आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या थरामुळे मिळते.

१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर इतकीच असते. घरगुती दुरुस्तीत घासकाम अत्यंत हलक्या हाताने करावे लागते, ते यामुळेच.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त व्हार्निशने कुंचल्याने रंगवल्या जात. सर्व हात वाळण्यास अनेक आठवडे लागत. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर ड्युपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला गेला आणि वाळण्याचा काळ मोठ्या प्रमाणात घटला. पुढे अल्किड एनॅमल आणि अ‍ॅक्रिलिक रंग प्रचारात आले. विद्युत् निक्षेपणाची पद्धत फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी विकसित केली व १९६० च्या दशकात ती उत्पादनात आली. १९८० च्या दशकापासून रंगथर व पारदर्शक थर वेगळे ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. जुन्या एकथरी रंगावरील टवका एकाच रंगाने भरता येत असे. द्विथरी रंगात मात्र रंगथर व पारदर्शक थर स्वतंत्रपणे द्यावे लागतात. याशिवाय कारखान्यातील रंग भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजून पक्का केलेला असतो. तयार मोटारीतील प्लॅस्टिक व रबरी भागांमुळे तसे तापमान पुन्हा देता येत नाही. टच-अपचे बहुतेक रंग केवळ विद्रावक उडून गेल्याने वाळतात, म्हणून ते मूळ रंगाइतके कठीण होत नाहीत.

## टवके पडण्याची कारणे

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीवर आदळणाऱ्या खड्याच्या आघाताची ऊर्जा चौपट असते. बॉनेटची पुढील कड, बंपर, आरशांचे पुढील भाग, काचेवरील छताची कड आणि चाकांच्या मागील दरवाजांचा खालचा भाग येथे टवके अधिक आढळतात. दरवाजांच्या कडांना पडणारे टवके बहुतांशी अरुंद जागेत मोटार उभी केल्यामुळे असतात.

रंगाची खडीरोधक क्षमता प्रयोगशाळेत मोजता येते. एसएई जे४०० आणि आयएसओ २०५६७ या मानकांनुसार ठरावीक आकाराचे खडे किंवा लोखंडी कण दाबाखालील हवेने रंगवलेल्या पत्र्यावर सोडले जातात आणि पडलेल्या टवक्यांवरून रंगाची प्रतवारी ठरवली जाते.

## गंजण्याची प्रक्रिया

पोलाद, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की लोहाचे जलयुक्त ऑक्साइड, म्हणजे गंज, तयार होतो. गंजाचे आकारमान मूळ लोहापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो भोवतालचा रंग खालून उचलतो. उचललेल्या रंगाखाली ओल शिरते आणि गंज पुढे सरकतो. त्यामुळे बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढा दिसणारा डाग आतून बराच पसरलेला असू शकतो. रंगावर आलेले लहान फोड हे त्याचे लक्षण होय.

पाण्यात मीठ विरघळलेले असल्यास विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने होते. म्हणून मुंबई, कोकण व गोवा यांसारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात खाऱ्या हवेमुळे आणि दीर्घ पावसाळ्यामुळे उघडा पत्रा लवकर गंजतो. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचा परिणाम असाच होतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असल्यास जस्त आधी झिजते व पोलादाचे काही काळ रक्षण होते, परंतु हे संरक्षण कायमचे नसते.

अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर तांबूस गंज येत नाही, मात्र रंगाखाली पांढरट भुकटी तयार होऊ शकते. प्लॅस्टिकचे बंपर गंजत नाहीत. त्यांवरील टवके केवळ दिसण्याच्या दृष्टीने दुरुस्त केले जातात.

## टवक्याची खोली ओळखणे

दुरुस्तीची पद्धत टवक्याच्या खोलीवरून ठरते. ही खोली तळाच्या रंगावरून ओळखता येते.

* तळाशी मोटारीचाच रंग दिसणे : फक्त पारदर्शक थर निघाला आहे. पारदर्शक लॅकर पुरेसा होतो.
* तळाशी राखाडी किंवा पांढरट थर दिसणे : रंगथर निघाला असून अस्तर शाबूत आहे. रंग व पारदर्शक लॅकर द्यावा लागतो.
* तळाशी चकचकीत धातू दिसणे : सर्व थर निघाले आहेत. प्रायमरपासून सुरुवात करावी लागते आणि विलंब टाळणे आवश्यक असते.
* तळाशी तांबूस डाग दिसणे : गंज सुरू झाला आहे. तो पूर्णपणे काढल्याशिवाय रंग भरल्यास गंज नव्या रंगाखाली वाढत राहतो.

## रंगाची निवड

एकाच निर्मात्याच्या पांढऱ्या रंगाच्याही अनेक छटा असतात, त्यामुळे केवळ नावावरून रंग निवडणे विश्वसनीय ठरत नाही. प्रत्येक छटेस संकेतांक दिलेला असतो. उदाहरणार्थ, टोयोटाच्या 'सुपर व्हाइट' रंगाचा संकेतांक ०४० आणि होंडाच्या 'टॅफेटा व्हाइट' रंगाचा एनएच-५७८ असा आहे. हा संकेतांक बहुधा दरवाजाच्या खांबावरील, बॉनेटखालील किंवा डिकीतील पट्टीवर छापलेला असतो.

संकेतांक जुळूनही छटेत फरक राहू शकतो, कारण उन्हामुळे मूळ रंग कालांतराने फिका पडतो. म्हणून प्रथम सहज न दिसणाऱ्या जागी किंवा कागदावर रंगाचा नमुना लावून, तो वाळल्यानंतर दिवसाच्या उजेडात पाहिला जातो. दिव्याच्या उजेडात जुळणाऱ्या दोन छटा उन्हात वेगळ्या दिसू शकतात. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. फवाऱ्याने ते पृष्ठभागाला समांतर बसतात, तर कुंचल्याने अस्ताव्यस्त पडतात. त्यामुळे अशा रंगावरील टच-अप विशिष्ट कोनातून गडद किंवा फिकट दिसते.

## साहित्य

संकेतांकानुसार घेतलेला टच-अप रंग, प्रायमर व पारदर्शक लॅकर, अतिबारीक कुंचला किंवा टोकदार लाकडी काडी, बारीक वॉटर पेपर (१००० ते ३००० क्रमांक), आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मेणनाशक द्रव, मास्किंग टेप, मऊ मायक्रोफायबर कापड आणि रबिंग कंपाउंड एवढे साहित्य पुरते. गंज असल्यास फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लयुक्त गंजरोधक द्रवाचाही उपयोग होतो.

## दुरुस्तीची पद्धत

१. स्वच्छता : मोटार शांपूने धुऊन पूर्ण वाळवली जाते. त्यानंतर टवक्याभोवतीचे मेण व तेलकटपणा अल्कोहोलने पुसला जातो. मेणावर रंग धरत नाही.

२. कडांची तयारी : सुटलेले पापुद्रे काडीने काढून टवक्याच्या कडा वॉटर पेपरने हलकेच उतरत्या केल्या जातात. कागदाचा लहान तुकडा पेन्सिलीच्या टोकाला चिकटवल्यास भोवतालच्या चांगल्या रंगावर ओरखडे पडत नाहीत.

३. गंज काढणे : स्वच्छ धातू दिसेपर्यंत गंज खरवडला जातो. सूक्ष्म छिद्रांत उरलेल्या गंजावर गंजरोधक द्रव लावून तो वेष्टनावरील सूचनेनुसार वाळू दिला जातो.

४. प्रायमर : धातू उघडा असेल तरच प्रायमरचा एक पातळ हात केवळ खळगीच्या आत दिला जातो. प्लॅस्टिकवर त्याऐवजी प्लॅस्टिकसाठीचा विशेष प्रायमर लागतो.

५. रंग भरणे : काडीच्या टोकावर रंगाचा लहान थेंब घेऊन तो खळगीच्या मध्यभागी टेकवला जातो. रंग आपोआप कडांपर्यंत पसरतो. वाळताना रंग आकसत असल्याने एकच जाड थेंब देण्याऐवजी दोन ते चार पातळ हात देणे श्रेयस्कर असते. दोन हातांच्या दरम्यान अर्धा ते एक तास जाऊ दिला जातो. जाड थराचा पृष्ठभाग आधी वाळून आतील विद्रावक अडकतो आणि रंग पुढे सुरकुततो किंवा खचतो.

६. पारदर्शक लॅकर : रंगथर भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली ठेवला जातो. तो काही तास वाळल्यानंतर लॅकरचे एक-दोन हात देऊन थर किंचित वर आणला जातो.

७. समतल करणे : किमान एक दिवस, शक्यतो अनेक दिवस, वाळू दिल्यानंतर उंचवटा २००० ते ३००० क्रमांकाच्या ओल्या वॉटर पेपरने घासून सपाट केला जातो व रबिंग कंपाउंडने चकाकी आणली जाते. हा टप्पा सर्वांत जोखमीचा असतो. जास्त घासल्यास मूळ पारदर्शक थर जातो आणि तो घरी परत आणता येत नाही. हाताला सवय नसल्यास किंचित उंचवटा तसाच ठेवणे अधिक सुरक्षित ठरते, कारण गंजरोधनाच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही.

८. देखभाल : नव्या रंगावर सुमारे एक महिना मेण लावले जात नाही, कारण उरलेला विद्रावक त्या काळात बाहेर पडत असतो.

## हवामानाचा परिणाम

सावलीतील, धूळविरहित जागा आणि सुमारे १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान या कामास अनुकूल असते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्यापूर्वीच सुकतो. दमट हवेत विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि लॅकर दुधाळ दिसू लागतो. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी किंवा हिवाळ्यात ही दुरुस्ती करणे त्यामुळे सोयीचे असते. भर पावसाळ्यात धातू उघडा पडल्यास टवका पूर्ण वाळवून त्यावर स्वच्छ चिकटपट्टी लावणे हा तात्पुरता उपाय होतो.

## प्रचलित समज

टूथपेस्टने टवका बुजतो, असा समज आढळतो. टूथपेस्टमधील बारीक घर्षक कणांमुळे पारदर्शक थरावरील उथळ ओरखडे अंधुक होऊ शकतात, परंतु टवका भरत नाही. नेलपॉलिशमध्ये प्रामुख्याने नायट्रोसेल्युलोज असते. ते पाणी काही काळ अडवते, पण उन्हात पिवळे पडते आणि तडकते. पुढील योग्य दुरुस्तीपूर्वी ते काढून टाकावे लागते.

## सुरक्षितता

थिनर, अल्कोहोल व लॅकर ज्वालाग्राही असतात. त्यामुळे काम खेळत्या हवेत, ज्योत व ठिणगीपासून दूर केले जाते. रसायनांसाठी नायट्राइल हातमोजे वापरले जातात. जुन्या मोटारींच्या रंगात शिशाची संयुगे असू शकतात, म्हणून कोरडे घासून धूळ उडवण्याऐवजी ओले घासणे योग्य असते. हार्डनर मिसळून वापरल्या जाणाऱ्या द्विघटकी लॅकरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यामुळे दम्याचा विकार जडू शकतो आणि साध्या कापडी मुखपट्टीने संरक्षण मिळत नाही. असे लॅकर घरगुती फवारणीसाठी योग्य मानले जात नाहीत.

## घरगुती दुरुस्तीच्या मर्यादा

काही मिलिमीटरपर्यंतच्या टवक्यांसाठी ही पद्धत परिणामकारक असते. पत्र्याला पोचा आलेला असणे, रंगाखाली फोड पसरलेले असणे, पत्र्याला छिद्र पडलेले असणे किंवा टवक्यांची संख्या फार असणे अशा स्थितीत डेंटिंग-पेंटिंगच्या कार्यशाळेत संपूर्ण भाग रंगवणे आवश्यक ठरते. काही नव्या मोटारींत बंपरमागे रडार बसवलेले असते. त्यासमोरील रंगाची जाडी वाढल्यास रडारच्या कार्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून त्या भागासाठी निर्मात्याच्या सूचना पाळल्या जातात.

उत्तम रीतीने केलेली टच-अपही जवळून पाहिल्यास बहुधा ओळखू येते. मात्र टवका वेळीच बंद झाल्यास खालचा पत्रा सुरक्षित राहतो.

## प्रतिबंध

ट्रक व डंपर यांच्यापासून पुरेसे अंतर राखणे आणि नुकतीच खडी पसरलेल्या रस्त्यावर वेग कमी ठेवणे हे सर्वांत सोपे उपाय आहेत. चाकांमागील मडफ्लॅप, दरवाजांच्या कडांवरील रबरी पट्ट्या आणि पॉलियुरेथेनची पारदर्शक संरक्षक फिल्म यांमुळे टवके कमी पडतात. मेण किंवा सिरॅमिक लेपाने पृष्ठभाग स्वच्छ ठेवणे सोपे होते, परंतु हे थर अतिशय पातळ असल्याने खडीचा आघात त्यांनी थांबत नाही. मोटार नियमित धुताना बॉनेटची कड व दरवाजांचा खालचा भाग तपासल्यास टवका गंजण्यापूर्वीच लक्षात येतो.