यंत्राचे लेखी वर्णन : अमेरिकन पेटंट-अपिलांतील एका वाक्याचा इतिहास

१

पेटंट ही शोधकर्ता आणि समाज यांच्यातील एक देवघेव होय. शोधकर्त्याने आपले यंत्र जगापुढे उघड करावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात राज्यसंस्थेने ठरावीक वर्षे इतरांना ते यंत्र करण्यास मनाई करावयाची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. तथापि ही देवघेव प्रत्यक्ष यंत्राच्या द्वारे होत नसून अर्जासोबत जोडलेल्या वर्णनपत्राच्या द्वारे होते. त्या पत्रात काही शब्द असतात आणि यांत्रिक शोधांच्या बाबतीत बहुधा काही आकृत्याही असतात. पुढे तंटा उद्भवला म्हणजे न्यायालयापुढे येणारा प्रश्न पुष्कळदा चाके व दांडे यांचा न राहता शब्दांचा होतो, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने या खटल्यांकडे लक्ष देणे अनाठायी ठरू नये.

अमेरिकेच्या पेटंट कायद्यात 'लेखी वर्णन' हा शब्दप्रयोग १७९३ पासून आजतागायत टिकून आहे. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ शब्द तेच राहिले. त्यांच्याकडून करून घेतले जाणारे काम मात्र बदलत गेले. हे स्थित्यंतर काही यांत्रिक शोधांच्या खटल्यांच्या आधारे दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या प्रश्नाची पूर्वपीठिका इंग्लंडात सापडते. सूतकताईच्या यंत्रांमुळे प्रसिद्धीस आलेल्या रिचर्ड आर्कराइटचे १७७५ चे पेटंट १७८५ मध्ये रद्द झाले. त्यास जी कारणे घडली, त्यांत वर्णनपत्राची अपूर्णता व दुर्बोधता हे एक प्रमुख कारण होते. वाचून कुशल कारागिराला यंत्र उभारता आले पाहिजे, ही अपेक्षा तेव्हा दृढ झालेली होती. १७९३ च्या अमेरिकन कायद्याने ही अपेक्षा स्वीकारली आणि तिच्या जोडीला दुसरी ठेवली. वर्णन असे असावे की, त्यायोगे नवा शोध पूर्वी ज्ञात असलेल्या सर्व वस्तूंहून वेगळा ओळखता यावा.

या दुसऱ्या अपेक्षेचा फटका ऑलिव्हर इव्हान्स या कल्पक यंत्रकाराला बसला. इव्हान्सने पिठाच्या गिरणीतील बहुतेक कामे यंत्राकडे सोपविली होती. जात्यातून निघालेले पीठ गरम व दमट असते. ते पसरून, ढवळून थंड केल्यावाचून नीट चाळता येत नाही. पूर्वी हे काम एक पोऱ्या दाताळ्याने करीत असे. इव्हान्सने त्यासाठी फिरत्या दाताळ्याचे यंत्र योजले, आणि त्या पोऱ्यावरूनच यंत्राला 'हॉपर-बॉय' हे नाव पडले. जुन्या पेटंटची मुदत संपल्यावर काँग्रेसने खास कायदा करून १८०८ मध्ये त्यास नवे पेटंट मिळण्याची सोय केली. परंतु ईटन नावाच्या प्रतिवादीविरुद्धच्या खटल्यात, अशाच प्रकारचे एक यंत्र इव्हान्सच्या आधीपासून वापरात होते असा पुरावा पुढे आला. खटला दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८१८ चा निर्णय इव्हान्सला अनुकूल होता. १८२२ चा प्रतिकूल होता, आणि तो ऐकण्यास इव्हान्स हयात नव्हता. १८१९ मध्येच त्याचे निधन झाले होते.

१८२२ च्या निर्णयात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी वर्णनपत्राची दोन प्रयोजने सांगितली. एक, कारागिराला यंत्र करता व वापरता यावे. दुसरे, शोधकर्ता नेमके काय आपले म्हणतो हे जनतेला कळावे, म्हणजे आधीपासून सर्वांचे असलेले यंत्र वापरणाऱ्यास अकारण उपद्रव होणार नाही. इव्हान्सचे वर्णन वाचून गिरणीवाल्यास यंत्र उभारता आले असते. परंतु जुन्या यंत्रात आपण कोणती सुधारणा केली, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते. यंत्र कसे करावे हे सांगणे आणि यंत्रातील आपले किती हे सांगणे, ही दोन भिन्न कामे आहेत, हा भेद येथे स्पष्ट झाला.

३

१८३६ च्या कायद्याने या दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र व्यवस्था केली. शोधकर्त्याने आपल्या शोधाचा भाग नेमका दाखवून द्यावा, असे बंधन आले, आणि त्यातून वर्णनाच्या शेवटी क्रमांकित 'दावे' लिहिण्याची पद्धत हळूहळू स्थिरावली. येथे 'दावा' याचा अर्थ कज्जा असा नसून, हक्काची सीमा आखणारे एकेक विधान असा घ्यावयाचा. शेताची हद्द दगडांनी दाखवावी, तशी शोधाची हद्द दाव्यांनी दाखविली जाऊ लागली.

मग 'लेखी वर्णन' या शब्दांना काम कोणते उरले? कारागिराला मार्गदर्शन करणे, एवढेच उरले असे म्हणणारा एक पक्ष आजही आहे. परंतु शब्द कायद्यातून काढून टाकले गेले नाहीत, आणि जे शब्द टिकतात ते रिकामे राहत नाहीत. भाषेच्या इतिहासात हे नित्य घडते. संस्कृतातील कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित मराठीत येता येता 'त्याने काम केले' अशा साध्या भूतकाळाचे काम करू लागले, हे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. कायद्यातील या शब्दप्रयोगाचेही काहीसे असेच झाले. सीमा दाखविण्याचे काम गेले, आणि कालांतराने त्यास कालनिर्णयाचे काम मिळाले. अर्ज दाखल केला त्या दिवशी शोधकर्त्यापाशी खरोखर काय होते, हे त्यावरून ठरविले जाऊ लागले.

या नव्या कामाची चाहूल १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या श्रायबर-श्रोथ विरुद्ध क्लीव्हलंड ट्रस्ट या खटल्यात लागते. विषय होता मोटारीच्या इंजिनातील दट्ट्या. ॲल्युमिनियमचा दट्ट्या उष्णतेने लोखंडी नळकांड्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो. त्यामुळे तो गरम असता अडकू नये आणि थंड असता खडखडू नये, अशी रचना साधणे कठीण असते. गुलिक या शोधकर्त्याने मूळ अर्जात दट्ट्याच्या आतील जोडपट्ट्या 'अत्यंत ताठ' असल्याचे लिहिले होते. पुढे अर्ज प्रलंबित असताना दुरुस्ती करून त्याच पट्ट्या 'लवचिक' असल्याचे लिहिले गेले. न्यायालयाने ही दुरुस्ती पेटंटचा आधार म्हणून मान्य केली नाही. मूळ अर्जात जो शोध वर्णिलेला नाही, तो नंतरच्या दुरुस्तीने आत आणता येत नाही, विशेषतः मधल्या काळात इतरांचे हक्क निर्माण झाले असता, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे. ताठ आणि लवचिक ही दोन विशेषणे एकमेकांच्या विरुद्ध होती, म्हणून येथे निवाडा तुलनेने सोपा होता. जेथे विरोध इतका उघड नसतो, तेथे काय करावे?

४

१९६७ मध्ये रुशिग यांच्या अपिलात न्यायमूर्ती जाइल्स रिच यांनी या कसोटीला स्वतंत्र रूप दिले. तो विषय रसायनाचा असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही. रानातून वाट दाखवावयाची तर झाडांवर आधी खुणा केलेल्या असाव्या लागतात, मागाहून एखाद्या झाडाकडे बोट दाखवून भागत नाही, असा त्यातील विचार होता. यांत्रिक शोधांच्या बाबतीत या विचाराची खरी परीक्षा १९९१ च्या वॅस-कॅथ विरुद्ध माहूरकर या अपिलात झाली.

हे आडनाव मराठी वाचकास ओळखीचे वाटेल. डॉ. सखाराम माहूरकर यांनी रक्तशुद्धीकरणासाठी दुहेरी पोकळीची नळी योजली होती. एका पोकळीतून रक्त बाहेर यावयाचे व दुसरीतून शुद्ध होऊन परत जावयाचे. १९८२ मध्ये त्यांनी अमेरिकेत केलेला पहिला अर्ज केवळ बाह्यरूपाच्या संरक्षणासाठी होता, आणि त्यात नळीच्या सहा आकृत्या होत्या. १९८४ मध्ये रचनेच्या पेटंटसाठी दुसरा अर्ज करताना त्यांनी पहिल्या अर्जाच्या तारखेचा लाभ मागितला. दरम्यान कॅनडात त्यांचेच बाह्यरूप नोंदले गेले होते. ही जुनी तारीख मिळाली नाही, तर ती नोंदच त्यांच्या पेटंटवर उलटणार होती. दाव्यात नळीच्या टोकाकडील भागाचा व्यास मागील भागाच्या व्यासाच्या निम्म्याहून बराच अधिक, पण पूर्ण व्यासाहून बराच कमी असावा, असे म्हटले होते. आकृतीत अर्थातच एकच प्रमाण दिसत होते. ज्यात वर्णनाचे शब्द नाहीत अशी आकृती 'लेखी वर्णन' होऊ शकते काय, आणि एका प्रमाणाचे चित्र प्रमाणांच्या पट्ट्याला आधार देऊ शकते काय, असे दोन प्रश्न होते.

खालच्या न्यायालयाने माहूरकरांविरुद्ध निर्णय दिला होता. अपिलात न्या. रिच यांनी तो फिरविला. आकृत्या पाहून त्या क्षेत्रातील जाणकाराला शोध शोधकर्त्याच्या हाती होता असे कळत असेल, तर केवळ आकृत्यांनीही वर्णन पुरे होते. आणि जाणकाराला त्यांतून हा पट्टा उमगतो काय, हा पुराव्याने ठरवावयाचा प्रश्न असल्याने खटला पुन्हा खाली पाठविणे आवश्यक आहे, असे त्यांनी ठरविले. त्याचबरोबर लेखी वर्णन ही कारागिराच्या मार्गदर्शनाहून वेगळी अट आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

याची दुसरी बाजू १९९८ च्या जेंट्री गॅलरी विरुद्ध बर्कलाइन या खटल्यात दिसते. एकाच सोफ्यात मागे रेलणाऱ्या दोन खुर्च्या, मध्ये एक स्थिर पेटी आणि त्या पेटीवर खुर्च्यांच्या कळी, अशी ती रचना होती. मूळ वर्णनात कळींची जागा पेटी हीच सांगितली होती. दाव्यांपैकी काहींत मात्र ही मर्यादा नव्हती. कळी इतरत्र ठेवण्याचा विचार प्रतिस्पर्धी तसे करीत असल्याचे कळेपर्यंत आपल्या मनात आला नव्हता, असे शोधकर्त्याने स्वतःच सांगितले. न्यायालयाने ते विस्तृत दावे रद्द ठरविले. आकृती एकच उदाहरण दाखविते, पण जाणकार तिच्यातून पुष्कळ वाचू शकतो; शब्द मात्र 'हेच' म्हणाले की त्यांपलीकडे जाणे दुष्कर होते, असा या दोन निर्णयांचा एकत्रित बोध आहे.

५

अखेर वाद मूळ वाक्यापाशीच आला. २०१० मध्ये एरिॲड विरुद्ध एलाय लिली या जीवशास्त्रीय शोधाच्या खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयाने पूर्णपीठापुढे हा प्रश्न घेतला, कारण वाक्य सर्वच शोधांना समान आहे. ते मराठीत आणू गेल्यास अडचण तत्काळ ध्यानात येते. इंग्रजीत विशेषणात्मक पदबंध शेवटी येतो, आणि तो मागील कोणत्या पदाशी जोडावयाचा हे मोकळे राहते. मराठीत विशेषण विशेष्याच्या आधी ठेवावे लागत असल्याने भाषांतरकाराला एक निवड करावीच लागते. 'जाणकाराला करता व वापरता यावे इतक्या पूर्ण व स्पष्ट शब्दांत, शोधाचे आणि तो करण्याच्या रीतीचे लेखी वर्णन' असे एक वाचन. 'शोधाचे लेखी वर्णन, आणि जाणकाराला करता व वापरता यावे इतक्या पूर्ण व स्पष्ट शब्दांत तो करण्याच्या रीतीचे वर्णन' असे दुसरे. पहिल्यात अट एक आहे, दुसऱ्यात दोन. बहुमताने दुसरे वाचन स्वीकारले. दोन न्यायाधीशांनी भिन्न मत नोंदविले.

प्रस्तुत लेखकाच्या मते व्याकरणाने येथे कौल देता येत नाही. दोन्ही वाचने शुद्ध आहेत, आणि स्वल्पविरामांवर फार भार टाकणे धोक्याचे आहे. निवड इतिहासाने व प्रयोजनाने करावयाची आहे. वेगळ्या अटीने हानी होते हे नाकारता येत नाही. ज्याने यंत्र केले, पण ज्यास ते शब्दांत नीट मांडता आले नाही, किंवा चांगला लेखनिक परवडला नाही, त्याचा हक्क बुडू शकतो. परंतु ही अट नसेल, तर अर्ज प्रलंबित ठेवून, बाजारात इतरांनी काय केले ते पाहून, आपल्या जुन्या कागदात नवा अर्थ भरण्यास वाव राहतो. दट्ट्याचा व सोफ्याचा खटला हे याचे दाखले होत. इव्हान्सच्या काळी या शब्दांनी जुन्या गिरणीवाल्यांचे रक्षण केले. आज ते पुढे येणाऱ्या कारागिराचे करतात. काम बदलले असले, तरी ज्याच्या बाजूने ते केले जाते तो पक्ष बदललेला नाही. मात्र माहूरकरांच्या अपिलाने घातलेली मर्यादाही विसरता कामा नये. वर्णन जाणकाराच्या डोळ्यांनी वाचावयाचे असते, आणि यांत्रिक शोधात तो डोळा अक्षरांइतकाच रेषांवरही फिरतो.