दगडफुलाची कुळकथा

सावजी रश्श्याच्या नुसत्या वासाने नागपूरकराला भूक लागते. पण त्या काळ्या वाटणात दगडफूल आहे, याची आठवण त्याला क्वचितच होते. हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवर वाढलेला हा मसाला आणि पुण्याकडचा गोडा मसाला यांचा स्वभाव अगदी निराळा. तरी हा करडा, कागदासारखा जिन्नस दोघांच्याही पंगतीला असतो.

नाव मात्र दुहेरी फसवे! ते फूल तर नव्हेच. शिवाय बाजारातले पुष्कळसे दगडफूल दगडावरचे नसून झाडांच्या सालीवरून खरवडलेले असते. आपल्या प्राचीन वैद्यांनीही त्याला 'शैलेय' म्हणून दगडाशीच बांधले. वस्तुतः ते शैवाक होय आणि त्याचे कूळ बहुधा पार्मेलिएसी. या कुळात अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. कोणी ढालीसारखी पसरते, तर कोणी दाढीसारखी फांदीवरून लोंबते. एकीने दुष्काळात आइसलंडच्या लोकांची भाकरी भागवली, तर दुसरीचे विष उत्तर युरोपात लांडग्यांना घालीत.

स्वीडिश वैद्य आकारियस याने १८०३ साली पार्मेलिया हे नाव रूढ केले, तेव्हा शैवाक म्हणजे एकच वनस्पती असा समज होता. १८६७ साली स्विस शास्त्रज्ञ श्वेन्डेनर याने सांगितले की, हा दोन जीवांचा संसार आहे : कवक घर बांधते आणि शैवल उन्हावर अन्न शिजवते. जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले. नायलँडर हा त्यांतलाच एक बडा पंडित. गंमत अशी की, शैवाकांवरून शहरातील हवेची पारख करता येते, हे पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत १८६६ साली दाखविणारा हाच नायलँडर! काळाने कौल श्वेन्डेनरच्या बाजूने दिला. २०१६ साली तर याच कुळातील शैवाकांच्या सालीत यीस्टही वस्तीला असल्याचे आढळले.

महाराष्ट्रात या विषयाची जोपासना पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने केली. १९४६ साली स्थापन झालेली ही संस्था पुढे आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथील संग्रहात सह्याद्रीतील शैवाके जपून ठेवलेली आहेत.

जपण्याचे कारणही तसेच आहे. यांतली बहुतेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. हिमालयाच्या रानांतून पोत्यांनी येणारा हा माल शेतात पिकत नाही. झाड एकदा खरवडले की ते पुन्हा भरायला कित्येक पावसाळे लोटावे लागतात. आपण मात्र ते चिमटीने तव्यावर टाकतो आणि क्षणात भाजून मोकळे होतो. दोन जीवांनी इतक्या सबुरीने उभारलेला हा संसार निदान जपून वापरावा, एवढे तरी आपल्या हाती आहेच.