आधी घड्याळ की आधी नेटवर्क?

मागच्या वेळी आपण पाहिलं की मशीन नेटवर्कवरून वेळ कशी मागवतं. आज त्याच्या अलीकडची गोष्ट. वेळ जुळवणारा तो डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, मशीन सुरू होताना नेमका कधी उठवायचा? काम चार-दोन ओळींच्या फाइलीचं. पण त्या ओळींनी भल्याभल्यांना रडवलंय, आम्हालाही.

डेव्हिड मिल्स यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये आरएफसी ९५८ या दस्तऐवजात नेटवर्क टाइम प्रोटोकॉल मांडला. पुढे डेलावेअर विद्यापीठात बसून त्यांनी तो कितीतरी वर्षं घासूनपुसून लख्ख केला. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या डीमनचा स्वभाव समजला नाही, तर सुरुवातीच्या फाइलींचा इतिहासही समजत नाही, म्हणून आधी तो बघू.

हा डीमन अतिशय सावध आहे. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो घड्याळाला धक्का देत नाही, त्याची चाल किंचित कमी-जास्त करतो. तीही दहा लाखांत जास्तीत जास्त ५००. म्हणजे एका सेकंदाचा फरक अशा गतीनं भरून काढायला २००० सेकंद, अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल. फरक त्याहून मोठा असेल, तर थोडं थांबून, खात्री करून, घड्याळ एकदम सरकवतो. आणि फरक १००० सेकंदांच्या वर गेला, तर? तर तो लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि सरळ बंद पडतो. एवढी चूक म्हणजे काहीतरी भलतंच बिघडलंय, माणसानं येऊन बघावं, असा त्यामागचा विचार.

विचार चांगलाच आहे. पण मशीन रात्री तीन वाजता सुरू होतं, तेव्हा माणूस असतो कुठे?

म्हणून जुन्या युनिक्सवर दोन ओळींचा रिवाज पडला. बर्कलेच्या परंपरेत आरसी.लोकल नावाची एक फाइल वरून खाली वाचली जायची. तिच्यात आधी एनटीपीडेट, म्हणजे घड्याळ एका झटक्यात जुळवून निघून जाणारा छोटा प्रोग्रॅम, आणि त्याच्या खालच्या ओळीत डीमन. क्रम म्हणजे ओळींचा क्रम, बस्स.

सिस्टम फाइव्ह पद्धतीत प्रत्येक सेवेची वेगळी स्क्रिप्ट आली आणि तिला क्रमांक मिळाला. रेड हॅटच्या जुन्या मशीनवर नेटवर्क १० वर, लॉग लिहिणारी सेवा १२ वर, एनटीपीडी ५८ वर, मायएसक्यूएल ६४ वर, क्रॉन ९० वर. आता गंमत बघा: लॉग १२ वर आणि घड्याळ ५८ वर. म्हणजे मधल्या सगळ्या नोंदी हार्डवेअरच्या घड्याळाच्या भरवशावर. आणि मुख्य म्हणजे, ५८ आधी सुरू व्हायचा, ६४ नंतर. पण ५८ चं काम झालं की नाही हे ६४ ला कुणी सांगायचं नाही.

आमच्या एका मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपला होता. वीज गेली, आली, आणि मशीन काही वर्षं मागच्या तारखेला उठलं. एनटीपीडी सुरू झाला, पडद्यावर 'ओके' उमटलं. काही मिनिटांनी त्यानं फरक मोजला, तो १००० सेकंदांच्या कितीतरी पुढे, आणि तो मुकाट्यानं बंद पडला. डेटाबेस तोवर नव्या नोंदींवर जुन्या तारखा घालत बसला होता. त्या निस्तरायला आमचे दोन दिवस गेले. आमच्या फाइलीत एनटीपीडेटची पायरीही नव्हती आणि 'जी' हा पर्यायही नव्हता. हा पर्याय दिला की डीमन सुरुवातीला एकदाच कितीही मोठा फरक मान्य करतो. एका अक्षराचा प्रश्न होता, हो!

२०१० मध्ये सिस्टमडी आलं आणि क्रमांक गेले. आता युनिट फाइलीत लिहायचं: 'आफ्टर', म्हणजे अमक्यानंतर, 'वॉन्ट्स', म्हणजे अमकं हवं. इथे बरेच जण फसतात. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं, समोरच्या सेवेला बोलावत नाही. आणि 'नेटवर्क' या टार्गेटनंतर सुरू होणं म्हणजे नेटवर्क लागल्यावर सुरू होणं नव्हे. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन' हे वेगळं टार्गेट आहे. क्रोनी वापरत असाल तर तिच्या युनिटमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स' ही ओळही दिसेल. एकाच घड्याळाला दोन डीमननी दोन बाजूंनी ओढू नये म्हणून ती.

मग 'टाइम-सिंक' टार्गेट आलं: वेळ जुळल्यानंतरच उठायचं असेल त्या सेवांसाठी. पण आमची जुनी अडचण इथेही डोकावते. डीमन सुरू झाला म्हणजे वेळ जुळली असं नाही. म्हणून क्रोनीबरोबर खरंच जुळेपर्यंत वाट बघणारी वेगळी सेवा येते. सिस्टमडीनंही २०१८ मध्ये तशी सेवा दिली. ती चालू करायची की नाही हे आपण ठरवायचं, कारण सर्व्हर सापडला नाही तर मशीन सुरू होताना रेंगाळतं. डेटाबेसच्या मशीनवर आम्ही ती चालू ठेवतो, बाकी ठिकाणी नाही.

आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या मशीनचं काय? त्याच्या बहुतेक मॉडेलांत वीज गेल्यावर चालणारं घड्याळच नसतं. वेळ मागायला सर्व्हरचं नाव शोधावं लागतं. नावांची सही तपासायची व्यवस्था असेल तर त्या सहीची मुदत बघायला आधी वेळ बरोबर हवी. आली का पंचाईत! सिस्टमडीच्या टाइमसिंकडीनं यावर साधा उपाय काढला. तो डिस्कवर एक फाइल ठेवतो आणि वेळोवेळी तिला हात लावतो. मशीन उठलं की नेटवर्कची वाट न बघता आधी त्या फाइलीची तारीख वाचतो आणि घड्याळ निदान तिथपर्यंत पुढे आणतो. ती वेळ बरोबर नसते, पण १९७० च्या १ जानेवारीपेक्षा पुष्कळ जवळची असते, आणि मागच्या वेळी बंद झालो त्याच्या फारशी अलीकडे जात नाही. उरलेला फरक नेटवर्क आल्यावर भरला जातो.