बलिद्वीपांत उतरावें कोठें ?

विश्रांतीसाठीं परदेशीं जाणाऱ्या कुटुंबांत हल्लीं बलिद्वीपाचें नांव वरचेवर ऐकूं येतें, आणि बेत ठरला कीं लागलीच उतरण्याच्या जागेचा वाद सुरू होतो. समुद्राकांठीं राहावें कीं डोंगराकडे ? मोठ्या हॉटेलांत कीं एखाद्या कुटुंबाच्या आवारांत ? हा वाद खर्च आणि सोय या दोनच मापांनीं मिटविण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें त्यास इतिहासाचेंहि एक माप लावणें अवश्य आहे. कारण पाहुण्यानें कोठें उतरावें हें त्या बेटावर गेल्या शंभर वर्षांत बहुधा पाहुण्यानें ठरविलेलें नाहीं, आणि यजमानानें तर त्याहून कमी.

यजमानाची दृष्टि प्रथम पाहूं. बलिवासी मनुष्याच्या दिशा डोंगर आणि समुद्र यांवरून ठरतात. डोंगराकडची ती ‘काजा’, समुद्राकडची ती ‘क्लोद’. आगुंग पर्वत हें देवांचें स्थान. म्हणून घराच्या आवारांत कुलदेवतांचें देऊळ डोंगराच्या व उगवतीच्या कोपऱ्यांत असतें, आणि स्वयंपाकघर व डुकरांचा गोठा समुद्राच्या बाजूस. निजतांना डोकें डोंगराकडे किंवा पूर्वेस करावें, पाय समुद्राकडे. गंमत अशी कीं बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलेलेंग प्रांतांत, ‘काजा’ ही दक्षिण दिशा होते ! समुद्र त्याज्य आहे असें मात्र नव्हे. देवमूर्तींची शुद्धि तेथेंच होते व चिताभस्महि तेथेंच सोडतात. परंतु वस्ती करण्याची ती जागा नव्हे, ही भावना दृढ आहे. आणि जगांतून येणाऱ्या पाहुण्यास तर नेमका समुद्रच हवा असतो !

आरंभींच्या पाहुण्यांस निवड अशी नव्हतीच. सप्टेंबर १९०६ मध्यें डच सैन्य सानूर येथें उतरलें, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस देनपसारच्या राजकुलानें बायकामुलांसह शुभ्र वस्त्रें नेसून त्यांच्या बंदुकींसमोर मरण पत्करलें. यास ‘पुपुतान’ म्हणतात. क्लुंगकुंग येथें १९०८ सालीं तोच प्रकार पुन्हा घडला. त्यानंतर वीस वर्षांच्या आंत बेट प्रवाशांस दाखविण्याजोगें ठरलें. १९२४ पासून डच आगबोट कंपनीची साप्ताहिक फेरी सुरू झाली. प्रवाशांनीं सरकारी अंमलदारांच्या ‘पसंग्रहान’ नांवाच्या विश्रामगृहांत उतरावें अशी व्यवस्था होती. १९२८ सालीं याच कंपनीनें देनपसार येथें ‘बाली हॉटेल’ उघडलें. पुपुतानाचें मैदान तेथून हाकेच्या अंतरावर आहे. राजवाड्यांतील मंडळी जेथें पडली त्याच्या इतक्या जवळ रात्रीच्या भोजनाची व नृत्याची सोय व्हावी, यांत कोणास कांहीं खटकलें असेल असें वाटत नाहीं.

या सरकारी-कंपनी व्यवस्थेंतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा निघाल्या. एक उबूदची. जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस १९२७ सालीं तेथें आला व दोन नद्यांच्या संगमाशेजारीं घर बांधून राहिला. आमचे रवींद्रनाथ बलिद्वीपास गेले तें वर्षहि हेंच. मेक्सिकोचा चित्रकार कोव्हारुबियास यास या घरचा आश्रय मिळाला, व त्याचा बलिद्वीपावरील ग्रंथ १९३७ सालीं निघाला. दुसरी वाट कुता येथील. कोक नांवाच्या अमेरिकन दांपत्यानें १९३६ सालीं वाळूवरच गवती छपराच्या खोल्या उभारून हॉटेल काढलें. तें १९४२ च्या जपानी स्वारीपर्यंत चाललें. समुद्राकांठची कुटी ही जी कल्पना आज जाहिरातींतून सर्वत्र दिसते, तिचें एक मूळ येथें आहे.

स्वातंत्र्यानंतर सुकर्ण यांनीं जपानकडून आलेल्या युद्धभरपाईच्या रकमेंतून सानूरच्या किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल बांधविलें. तें १९६६ सालीं उघडलें. माडांच्या डोक्यावरून मान काढून उभी राहिलेली ती इमारत लोकांस इतकी रुचली नाहीं कीं पुढें माडाहून उंच, म्हणजे सुमारें १५ मीटरांहून अधिक, बांधूं नये असा नियम झाला. मग १९७१ सालीं फ्रेंच सल्लागारांनीं योजना आखली : प्रवाशांस दक्षिणेकडील नुसा दुआ येथें, चुनखडीच्या कोरड्या भूमीवर, एकवट ठेवावें. शेती थोडी, वस्ती विरळ. गांवांस उपद्रव कमी. जागतिक बँकेचें कर्ज मिळालें व १९८३ सालीं पहिलें मोठें हॉटेल सुरू झालें. या योजनेस सोवळ्याची योजना म्हणावेसें वाटतें. तींत शहाणपण होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पाहुणा भिंतीआड राहिला कीं त्याचा पैसाहि बराचसा भिंतीआडच राहतो.

शिवाय भिंत टिकली नाहीं. कुतामध्यें १९७० नंतर गरीब प्रवासी लोकांच्या घरीं उतरूं लागले, व मच्छीमारांचें तें गांव दिव्यांनीं झगमगणारा बाजार झालें. १२ ऑक्टोबर १९०२ नव्हे, अगदीं अलीकडच्या २००२ सालच्या त्याच तारखेस तेथें झालेल्या स्फोटांत २०२ माणसें मेलीं. तानाह लोतच्या देवळाशेजारीं हॉटेल व गोल्फचें मैदान होणार असें कळतांच निदर्शनें झालीं, आणि १९९४ सालीं हिंदु धर्मपरिषदेनें देवळांभोंवतीं किती अंतरापर्यंत पावित्र्य राखावें याचा निर्णय दिला. हॉटेल झालेंच. पुढें चांगूकडील भातखाचरांतून बंगले उठले. ज्या ‘सुबक’ पाटबंधारे-मंडळ्यांच्या पद्धतीस युनेस्कोनें २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान दिला, तिचेंच पाणी हे बंगले ओढतात.

म्हणून विचारणाऱ्यास आम्ही सांगतों कीं निदान कांहीं दिवस उबूदकडील एखाद्या कुटुंबाच्या आवारांत काढावे. पोहण्याचा तलाव नसेल. कोंबडे पहांटे झोंप मोडतील. पण घरची सून नारळीच्या पानाच्या द्रोणांत फुलें मांडून उंबऱ्याशीं ठेवते तें पाहावयास मिळेल, आणि भाडें त्याच घरांत राहील. लहान मुलें किंवा वृद्ध माणसें बरोबर असल्यास सानूरचा उथळ, शांत किनारा बरा.

तिथि मात्र पाहून जावें. बलिद्वीपांत आपलाच शक चालतो, व वर्षारंभीं ‘न्येपी’ पाळतात. २०२३ सालीं ती व आपला पाडवा एकाच दिवशीं, २२ मार्चला, आलीं होतीं. त्या दिवशीं विस्तव नाहीं, दिवा नाहीं, रस्त्यावर पाऊल नाहीं, विमानतळहि बंद. पाहुणा नुसा दुआच्या महालांत असो वा उबूदच्या ओसरीवर, त्यासहि चोवीस तास आंतच राहावें लागतें, आणि रात्रीं खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावे लागतात.