नागिणीचा माग

नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो, असं गावोगावी आजही सांगतात. मग तिला अडवायला कुणी मांत्रिक गाठतं, कुणी दूर्वा-तांदूळ वाटून लेप लावतं, कुणी गेरूने फोडांभोवती कड काढतं. आठवडा-दहा दिवसांत फोडांवर खपल्या धरतात आणि श्रेय लेपाला जातं. खपल्या एरवीही धरल्याच असत्या. म्हातारं माणूस मात्र त्यानंतरही महिनोन्‌महिने सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही म्हणून उघडं बसतं, रात्र रात्र तळमळतं, आणि त्या दुखण्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

प्रत्यक्षात तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाही; का, याचा उलगडा शवविच्छेदनाच्या टेबलावर झाला. 1860 च्या दशकात बर्लिनच्या फॉन बेरेनश्प्रुंग यांना नागीण झालेल्या रुग्णाच्या मणक्यालगतची मज्जातंतूची गाठ सुजलेली दिसली. 1900 मध्ये हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी अशा 21 मृतदेहांच्या गाठी तपासल्या आणि कोणती गाठ कातडीचा कोणता पट्टा सांभाळते याचा नकाशाच मांडला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना या गाठींची रांग असते. प्रत्येकीतून निघालेला तंतू पाठीकडून बरगडीवरून पुढे येतो आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेपाशी संपतो. नागीण त्याच वाटेने उतरते, म्हणून तीही तिथेच थांबते.

गाठीत हे दुखणं येतं कुठून, हा पुढचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांच्या ध्यानात आलं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी लहान मुलाला कांजिण्या येतात. 1925 मध्ये कुंड्राटिट्झ या डॉक्टरांनी नागिणीच्या फोडातलं पाणी मुलांना टोचलं आणि त्यांना कांजिण्या आल्या. असा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. 1950 च्या दशकात बोस्टनच्या थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवला. तो एकच निघाला.

पण मला या सगळ्या कथेत सर्वांत मोठा वाटतो तो एक साधा फॅमिली डॉक्टर. एडगर होप-सिम्पसन इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या छोट्या गावी दवाखाना चालवत. त्यांच्याकडे साधारण साडेतीन हजार माणसं नोंदलेली होती. 1947 ते 1962 अशी सोळा वर्षं त्यांनी नागिणीचा प्रत्येक रुग्ण टिपून ठेवला: वय काय, फोड कुठे, आधी कांजिण्या कधी झाल्या होत्या. एकूण 192 रुग्ण. गावात कांजिण्यांची साथ असो वा नसो, नागीण आपली अधूनमधून येतच राहायची. म्हणजे ती बाहेरून लागत नव्हती. शिवाय कांजिण्यांचं पुरळ जिथे दाट उठतं, त्या धडावर आणि चेहऱ्यावरच नागीणही जास्त. 1965 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की लहानपणचा विषाणू जातच नाही. तो गाठीत झोपून राहतो, शरीराचा पहारा त्याला दाबून ठेवतो, आणि वयाबरोबर पहारा सैल पडला की तो उठतो. 85 वर्षं जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना एकदा तरी नागीण होईल, हा त्यांचा अंदाज आजही टिकून आहे. 1984 मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि पुढे झालेल्या नागिणीतला विषाणू जनुकीयदृष्ट्या तोच असल्याचं सिद्ध झालं.

तेव्हा धोका कुणाला, हे या मागोव्यातूनच कळतं. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या त्या सगळ्यांना, म्हणजे आपल्या पन्नाशीपुढच्या जवळपास सगळ्या पिढीला. त्यातही मधुमेह, कॅन्सर, केमोथेरपी, एचआयव्ही, अवयवरोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडं घेणाऱ्यांना अधिक. फोड उठण्याआधी दोन-चार दिवस नुसतीच एका बाजूला आग होते, ठणका लागतो; कुणाला तो हृदयाचा वाटतो, कुणाला मूतखड्याचा. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्यालाही धोका असतो. तिथे त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर हवा.

लशीची वाटही कांजिण्यांतूनच निघाली. स्वतःच्या मुलाच्या कांजिण्या पाहून कळवळलेल्या जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये ओका नावाच्या कुटुंबातल्या मुलाच्या विषाणूपासून लस केली. त्याच विषाणूच्या कितीतरी तीव्र मात्रेची नागिणीची लस अमेरिकेत 2006 मध्ये आली. 2017 ची शिंग्रिक्स ही लस वेगळी आहे: तिच्यात जिवंत विषाणूच नाही, एकच प्रथिन आहे, आणि सोबत चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला पहारा जागवणारा घटक. चाचण्यांत सत्तरीपुढच्यांनाही तिने सुमारे 90 टक्के संरक्षण दिलं. भारतात ती 2023 पासून मिळते, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. ती महाग आहे आणि सरकारी लसीकरणात नाही, हे मला खटकतं. म्हातारपणच्या वेदनेला आपण अजून आजार मानतच नाही.

घरात कुणाच्या कमरेवर, बरगडीवर एका बाजूला फोडांची रांग दिसली, तर लेप वाटत बसू नका. ॲसायक्लोव्हिरसारखी औषधं पहिल्या 72 तासांत सुरू केली तरच पुरतं काम करतात. फोडांवर खपल्या धरेपर्यंत कांजिण्या न झालेल्या नातवंडांना आणि गरोदर सुनेला आजीपासून थोडं दूर ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं स्टेरॉइड किंवा केमो सुरू व्हायचं असेल, तर त्याआधीच डॉक्टरांना लशीचं विचारा.