पोकळी टिकवण्याची गोष्ट

रेणूंची रचना शिकवताना आपण गोळे आणि काड्यांचे नमुने वापरतो. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असे नमुने करवून घेण्याचे काम आले. लाकडी गोळ्यांना भोके पाडायची होती, आणि ती कुठेही पाडून चालणार नव्हते. कार्बनच्या गोळ्याला चार भोके हवीत, तीही चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांच्या दिशेने. कार्यशाळेतून आलेले गोळे जोडताना रॉबसन यांच्या लक्षात आले, की भोके योग्य जागी असली की सांगाडा आपोआप योग्य आकार घेतो. मग गोळ्यांऐवजी प्रत्यक्ष आयन आणि रेणू घेतले तर?

हा विचार प्रयोगात यायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तांब्याचा आयन चार दिशांना बंध करतो. त्याच्या जोडीला रॉबसन यांनी चार हातांचा एक सेंद्रिय रेणू घेतला. गुंताच होईल असे कुणालाही वाटले असते. मिळाला तो हिऱ्यासारख्या मांडणीचा नियमित स्फटिक, पण आत प्रशस्त पोकळ्या असलेला. हे काम १९८९ साली प्रसिद्ध झाले.

सच्छिद्र स्फटिक रसायनज्ञांना नवे नव्हते. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी एक खनिज तापवले, तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होऊन ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून त्यांनी त्याला ‘झिओलाइट’, म्हणजे ‘उकळणारा दगड’, असे नाव दिले. (पुणे-नाशिक भागातील बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुरेख स्फटिक सापडतात.) झिओलाइटमधले पाणी काढून टाकले तरी सांगाडा उभा राहतो. रॉबसन यांच्या चौकटी मात्र नाजूक होत्या, सहज मोडत. त्यामुळे बहुतेकांनी त्या निरुपयोगी ठरवल्या. जपानमध्ये सुसुमु किटागावा यांना याच विषयासाठी अनुदान नाकारले गेले. झिओलाइट असताना ही ठिसूळ चौकट कशाला, हा प्रश्न त्या वेळी गैर नव्हता.

किटागावांनी १९९७ साली उत्तर दिले: त्यांची चौकट पाणी काढल्यावरही टिकली, आणि तिच्यात मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन भरता-काढता आले. अमेरिकेत ओमर याघी यांनी १९९५ साली या पदार्थांना ‘धातु-सेंद्रिय चौकट’ हे नाव दिले होते. १९९९ च्या ‘मॉफ-५’मध्ये त्यांनी कोपऱ्यावर एकटा आयन न ठेवता जस्त-ऑक्सिजनचा भक्कम पुंजका बसवला. दुवा म्हणून वापरले टेरेफ्थॅलिक आम्ल, ज्यापासून पॉलिएस्टर बनते तेच. ही चौकट रिकामी असतानाही ३०० अंश सेल्सियसपर्यंत टिकली. तिच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे २९०० चौरस मीटर नोंदवले गेले. १३ × १० मीटरची कबड्डीची बावीस मैदाने भरतील एवढे!

पण पृष्ठफळ मोठे म्हणजे वायू वेगळे होतीलच असे नाही. ‘रेणूंची चाळणी’ ही उपमा आपण वर्गात वापरतो, ती इथे थोडी फसवी आहे. कार्बन डायॉक्साइडच्या रेणूचा व्यास सुमारे ०.३३ नॅनोमीटर, नायट्रोजनचा ०.३६. एवढ्याशा फरकावर चाळणे अवघड. म्हणून निवड बहुधा चिकटण्यावर चालते. कार्बन डायॉक्साइडमध्ये मधला कार्बन किंचित धनभारित आणि टोकांचे ऑक्सिजन किंचित ऋणभारित असतात. त्यामुळे तो पोकळीच्या भिंतीला नायट्रोजनपेक्षा अधिक धरून राहतो. फार घट्ट धरला, तर मात्र सोडवायला उष्णता खर्च होते.

आणखी एक अडचण म्हणजे धुराड्यातला वायू दमट असतो. पाण्याचा रेणू याहून अधिक ध्रुवीय, तो आधीच जागा पटकावतो. कोरड्या वायूवर उत्तम ठरलेल्या कित्येक चौकटी इथेच हरल्या. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाची ‘काल्फ-२०’ ही चौकट २०२१ साली लक्षवेधी ठरली ती यामुळेच. साठवणक्षमतेत ती विक्रमी नाही, पण मध्यम दमटपणातही ती कार्बन डायॉक्साइडच निवडते. सिमेंट कारखान्याच्या धुरावरही तिची चाचणी झाली आहे.

रॉबसन, किटागावा आणि याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काल्फ-२० चे घटक तीनच: जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलिक आम्ल. यातले शेवटचे आपल्या प्रयोगशाळेच्या फडताळात अनुमापनासाठी ठेवलेले असतेच.